अर्धी मेमरी

“मग ती रिकामी जागा कुणासाठी ठेवायची?”

तन्वीर मुजावरने हा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा त्याचा आवाज चढला होता.

भिरूडबाई केबलचं टोक सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आतल्या रंगीत तारा बोटांनी सरळ केल्या, एका ओळीत लावल्या, चिमट्यात धरल्या...

“बाई, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

त्यांनी केबलचं दुसरं टोक हातात घेतलं.

चोपडा गावाच्या बाहेर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, कापूस ठेवायच्या जुन्या शेडमध्ये बाई राहत. अर्ध्या शेडमध्ये चूल, खाट आणि पाण्याचा माठ. उरलेल्या अर्ध्यात टेबलं, आणि टेबलांवर लोकांनी टाकून दिलेले सर्व्हर. बाईंनी उभा जन्म एका मोठ्या कंपनीचे डेटाबेस सांभाळण्यात घालवला होता. नोकरी संपल्यावर पुण्यातलं घर सोडून त्या माहेरच्या गावी आल्या, आणि मग ज्यांची मशिनं अडत, ते त्यांना शोधत इथवर येऊ लागले.

बाई कुणाला शिकवत नसत, असं लोक म्हणत. येणाऱ्याला बसायला मोडा देत आणि काम करायला मशीन. बाकी त्याचं तो.

तन्वीर मात्र शिकायला आलाच नव्हता. तो आपलं बरोबर आहे हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला आला होता.

तो मूळचा मिरजेचा. वडील सतारी बनवत. त्याने तो धंदा सोडून कॉम्प्युटर धरला आणि थोड्याच वर्षांत एका रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षाचा सगळा डेटाबेस त्याच्या हातात आला. चार जिल्हे. कुठली गाडी कुठे उभी आहे, कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, कुणी फोन केला, कोण निघालं, सगळं त्या एका सर्व्हरवर. तन्वीरने तो असा लावला होता की ऑपरेटरने नाव टाइप करायच्या आत पत्ता समोर यायचा. पाहुणे आले की संचालक कडूसकर त्यांना मुद्दाम तो कक्ष दाखवायला आणत, आणि तन्वीर मागे हाताची घडी घालून उभा राही.

मग ती दुपार आली.

औद्योगिक वसाहतीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. वारा वस्तीकडचा. लोक रस्त्यावर पडू लागले आणि कक्षातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. ऑपरेटर, दवाखाने, गाड्यांवरच्या ड्रायव्हरांचे मोबाइल, सगळे एकाच वेळी त्या सर्व्हरला विचारू लागले. आधी पडदे मंदावले. मग थिजले. मग पांढरे झाले.

सर्व्हर पडला होता.

ऑपरेटरांच्या प्रमुख सुलभा दांडगे यांनी टेबलावर उभं राहून ओरडून कारभार चालवला. मुलींनी पत्ते तळहातावर लिहिले. जमेल तशा गाड्या धाडल्या. काही ठिकाणी दोन-दोन गाड्या पोचल्या आणि कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी एकही नाही. तिथे अलका सोनवणे नावाची कामगार बाई पडली होती. ती वाचली. पण तिचा दम गेला तो गेलाच. आता बोलताना वाक्य मध्ये तोडून तिला श्वास घ्यावा लागतो.

तन्वीर तिला भेटायला गेला होता. तो कोण, हे तिला कळलं नाही. दवाखान्यातला कुणी साहेब असेल असं समजून तिने त्याला बसायला सांगितलं, आणि तो बसला नाही.

परत येऊन त्याने एकच निष्कर्ष काढला. मशीन लहान होतं. मेमरी दुप्पट करा.

कडूसकर तयार झाले. फक्त नवी मेमरी कशी वाटायची हे चोपड्याच्या बाईंना विचारून ये, असं त्यांनी सुचवलं. तन्वीरला तो अपमान वाटला. तरी तो आला, आणि आल्या आल्या त्याने बाईंना सगळं सांगून टाकलं. मेमरीतला तीन चतुर्थांश भाग डेटाबेसला राखून ठेवला आहे. शिवाय सर्व्हरकडे येणाऱ्या प्रत्येक विचारणेला, माहिती शोधायला, लावायला, जुळवायला लागेल म्हणून सढळ हाताने वेगळी जागा दिली आहे. कुणाला कमी पडू नये हेच त्याचं तत्त्व. आता मेमरी दुप्पट आली की सगळ्यांचा वाटा दुप्पट करायचा.

“थोडी रिकामी ठेव,” एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

त्यावरच त्याचा तो प्रश्न होता.

बाईंनी केबल खाली ठेवली आणि खोलीच्या टोकाचं एक मशीन दाखवलं. तन्वीरच्या सर्व्हरइतकीच मेमरी असलेलं, जुनं, पण धडधाकट. त्या दुपारी सर्व्हरवर कोणकोणत्या विचारणा कधी आल्या, त्याची नोंद तन्वीरने सोबत आणली होती. तीच गर्दी तशीच्या तशी या मशीनवर सोडता येणार होती. बाईंनी त्याला तेवढंच करायला सांगितलं.

त्याने आपली सेटिंग लावली. गर्दी सोडली.

मशीन सुरुवातीला सुसाट चाललं. तन्वीरने बाईंकडे पाहिलं. मग गर्दी वाढली. शेकडो विचारणा आत शिरल्या, प्रत्येकीने आपला सढळ वाटा उचलला, मेमरी भरली, आणि जे मावेना ते मशीन डिस्कवर टाकू लागलं. डिस्कचा दिवा लागला तो विझेना. शेवटी मशीनने स्वतःचा जीव वाचवायला डेटाबेसच बंद करून टाकला.

पडदा पांढरा.

तोच पांढरा.

“वाटे कमी पडले,” तो म्हणाला.

“वाढव मग.”

त्याने वाढवले. या वेळी मशीन आधीपेक्षा लवकर पडलं.

“मी म्हणतोय तेच आहे बाई. मशीन लहान आहे.”

बाई उठल्या. त्यांनी मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि वाकून आत पाहिलं. मग अंगठ्याने खटके उघडून मेमरीच्या पट्ट्या एकेक करून उपसायला लागल्या. बरोबर अर्ध्या काढल्या आणि त्या तन्वीरच्या हातात ठेवल्या.

“आता चालव.”

तन्वीर आधी हातातल्या पट्ट्यांकडे, मग बाईंकडे बघत राहिला.

“नाही,” तो म्हणाला.

बाईंनी मशीनचं झाकण उचललं.

“नाही चालवणार. पुरी मेमरी असताना पडलं, ते अर्धीवर चालवू? हा खेळ नाहीये बाई. माणसं रस्त्यावर पडतात. मी पाहिलीयत.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच काय?”

...

“म्हणूनच काय, बाई?”

बाईंनी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्या चुलीकडे गेल्या. तन्वीरला वाटलं, बस झालं. तो बरंच काही बोलला. म्हातारपणी माणसाला कोड्यात बोलायची हौस असते, असं बोलला. तुमच्या काळात मेमरी महाग होती, म्हणून तुम्हाला काटकसरीची सवय लागली, आमचा काळ तसा नाही, असंही बोलला. बाई भाकरी थापत होत्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मग त्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो निघाला.

उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. दूरवर सातपुड्याची धूसर रेघ. केळीच्या बागांमधून तो तरातरा स्टँडपर्यंत चालत आला. वाटेत तो स्वतःशी सगळं भांडण पुन्हा भांडला आणि दर वेळी जिंकला.

बस लागलीच होती. वर चढताना दांड्याला धरायला त्याने हात उचलला, तेव्हा त्याला कळलं की मूठ मिटलेली आहे. पट्ट्या अजून हातातच होत्या. इतक्या घट्ट धरल्या होत्या की तळव्यावर त्यांच्या कडांचे वळ उठले होते.

त्याने कंडक्टरला थांबायला सांगितलं नाही. तो नुसता खाली उतरला. बस गेली.

परत येताना तो मनात ठरवत होता. पट्ट्या टेबलावर ठेवायच्या, एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढची बस धरायची.

शेडमध्ये बाई नव्हत्या. खाटेवर त्यांचं पांघरूण घडी घातलेलं. चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा झाकून ठेवलेला. मशीन तसंच उघडं.

तन्वीरने पट्ट्या ठेवल्या. निघाला. दारापर्यंत गेला.

मग त्याला वाटलं, असं कसं जायचं? आपण गेलो तर म्हातारी म्हणेल, घाबरून पळाला. त्यापेक्षा अर्ध्या मेमरीवर मशीन कसं कोलमडतं ते चालवून तिच्या डोळ्यांपुढे ठेवावं आणि मगच जावं. तो परत फिरला. मशीन चालू केलं, आपलीच सेटिंग लावली आणि गर्दी सोडली.

मशीन जवळजवळ लगेच पडलं.

“बघा,” तो रिकाम्या खोलीत म्हणाला.

कुणी पाहिलं नाही. तो पडद्यासमोर बसून राहिला. जिंकल्याचं काही वाटेना. उलट डोळ्यांपुढे ती अलका आली, वाक्य मध्ये तोडून श्वास घेणारी, त्याला बसायला सांगणारी.

अर्ध्यावर पडतं हे तर दिसलं. पण अर्ध्यावर ते किती तग धरू शकतं?

हा प्रश्न त्याला बाईंनी विचारला नव्हता. कुणीच विचारला नव्हता.

त्याने प्रत्येक विचारणेचा वाटा कमी केला. थोडं पुढे गेलं आणि पडलं. आणखी कमी केला, हात आखडून, जीव तुटत. आणखी थोडं पुढे. मग डेटाबेसची राखीव जागा निम्म्यावर आणली. ती आणताना त्याला वाटलं की आता सगळं रांगायला लागेल, पण तसं झालं नाही. जी जागा डेटाबेसने सोडली ती मशीनने आपणहून धरली आणि डिस्कवरच्या फायली त्यात मांडून ठेवल्या. पुन्हा मागितल्या की तिथूनच मिळत होत्या.

त्याने ताटात भाकरी घेतली आणि पडद्याकडे बघत खाल्ली. ठेचा झणझणीत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं.

तरी ऐन गर्दीत ते पडतच होतं. तेव्हा त्याने आजवर कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. दार अरुंद केलं. एका वेळी थोड्याच विचारणा आत येतील आणि बाकीच्या बाहेर रांगेत थांबतील, असं लावलं. नियंत्रण कक्षात हे कुणी सुचवलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं. जीव जायची वेळ आलेल्या माणसाचा फोन रांगेत उभा करायचा?

त्याने गर्दी सोडली.

रांग लागली. पण आतली प्रत्येक विचारणा डोळ्यांचं पातं लवेपर्यंत उरकत होती, म्हणून रांग पुढे सरकत होती. बर्फाच्या कारखान्याची ती सगळी दुपार मशीनमधून गेली. मागच्या फाटकाचा पत्ता आला आणि त्याला गाडी लागली. पडदा पांढरा झाला नाही.

तन्वीरचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. पुऱ्या मेमरीवर आपल्या सेटिंगने जेवढा वेळ मशीन उभं होतं, तेवढ्याच टप्प्यातला वेग त्याने ताडून पाहिला. अर्ध्या मेमरीवरचं मशीन पुढे होतं.

बाई कधी आल्या ते त्याला कळलं नाही. त्यांनी ताकाचा पेला त्याच्याजवळ ठेवला आणि पलीकडे मोड्यावर बसल्या. उन्हं कलली होती.

तन्वीरने पेला बाजूला सरकवला. मग उसळून म्हणाला, “हे तुम्हाला सकाळीच माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाही? एका वाक्यात झालं असतं.”

“सांगितलं असतं तर तू नुसतं ऐकलं असतंस.”

त्याने ताक प्यायलं. पेला खाली ठेवला.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली, पडद्यावरचे त्याचे आकडे वाचले आणि शांतपणे सांगितलं की डेटाबेसची राखीव जागा आणखी खाली आण. एकंदर मेमरीचा पाव हिस्सा कर. जगभर सगळे तेवढाच ठेवतात. त्या स्वतः तीस वर्षं तेवढाच ठेवत आल्या होत्या.

तन्वीरने कीबोर्डवरचा हात काढला नाही.

“नाही,” तो म्हणाला.

सकाळच्या ‘नाही’त आणि या ‘नाही’त फरक होता. त्याचा आवाज या वेळी चढला नव्हता.

त्याने सांगितलं की पाव हिस्सा त्याने चालवून पाहिला आहे. गाड्यांच्या जागा दर क्षणाला बदलतात, त्या सतत लिहिल्या जातात, सतत विचारल्या जातात. पावात ते बसत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर गेलं की बसतं. त्याच्याही वर गेलं की पुन्हा बिघडतं. तुमच्या मशीनचं काम वेगळं असेल. माझं हे असं आहे.

“मला नाही म्हणतोस?”

“हो.”

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला दोन्ही चालवून दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा एकदा चालवायला सांगितलं.

बाईंनी त्या रात्री त्याला मुक्काम करायला सांगितलं, आणि सकाळी तो निघाला तेव्हा त्याच्यासोबत चालत रस्त्यापर्यंत आल्या. येणाऱ्या कुणासाठी त्या एवढं चालत नसत.

तन्वीर कामावर परतला. नवी मेमरी येऊन पडली होती. त्याने ती बसवली, पण वाटे दुप्पट केले नाहीत. उलट कापले. दार अरुंद केलं. बरीच मेमरी पडद्यावर मोकळी दिसू लागली, आणि कडूसकरांना नेमकं तेच खुपलं. एवढं सामान आणून बसवलं ते वापरात का दिसत नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. सर्व्हर पुरवणाऱ्याच्या माणसाने मान डोलावली. डेटाबेसला सगळं देऊन टाका, असा त्याचाही सल्ला पडला.

तन्वीरने नकार दिला. कडूसकर म्हणाले की हा हुकूम आहे. तन्वीर म्हणाला की हुकूम असेल तर त्या दुपारची गर्दी त्यांच्या सेटिंगवर सगळ्या ऑपरेटरांसमोर सोडून दाखवू, आणि जे उभं राहील ते ठेवू. कडूसकरांनी त्याला दुसरीकडे बसवण्याची धमकी दिली.

“बसवा,” तन्वीर म्हणाला. “पण मी या खुर्चीवर आहे तोवर हे असंच राहील.”

सुलभा दांडगे यांनी तेवढ्यात आपली खुर्ची उचलून तन्वीरच्या खुर्चीला लावली आणि बसल्या. मग आणखी दोघी-तिघी आल्या. कडूसकर निघून गेले. बदलीचा हुकूम येईल म्हणून तन्वीर रोज वाट बघायचा. तो आला नाही, आणि विषय मिटलाही नाही. नुसता लोंबकळत राहिला.

वैशाखात अवकाळी वादळ आलं. चारही जिल्ह्यांत झाडं पडली, पत्रे उडाले, एक वऱ्हाडाची बस घाटात कलंडली. फोनचा नुसता कल्लोळ. त्या बर्फाच्या दुपारपेक्षा किती तरी मोठा. तन्वीर पडद्यासमोर उभा होता. रांग लागली, लांबली... आणि सरकू लागली. कुणाला क्षणभर थांबावं लागलं, कुणाला दोन क्षण. पण ज्याने हाक मारली त्याला गाडी मिळाली.

काळोख पडायच्या आत कल्लोळ ओसरला. सुलभाबाईंनी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तन्वीरकडे बघून फक्त एकदा मान हलवली. त्याला बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

त्यानंतर कडूसकर पुन्हा पाहुणे आणू लागले. पाचवा जिल्हा त्यांच्याकडे आला. शेजारच्या विभागातून लोक तन्वीरची सेटिंग मागायला आले आणि त्याने ती दिली. आपल्या हाताखाली आलेल्या दोन नव्या माणसांना त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की काहीही करा, पण या आकड्यांना बोट लावायचं नाही. त्यांतल्या एकीने का, असं विचारलं. तो म्हणाला, कारण हे वादळात टिकलेत. तिने पुढे काही विचारलं नाही.

पावसाळा संपल्यावर तो चोपड्याला गेला.

बाई तशाच बसल्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या. त्याने वाकून नमस्कार केला आणि वादळाची सगळी हकीकत सांगितली. कडूसकरांची, सुलभाबाईंची, घाटातल्या बसची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा बसमधल्या लोकांचं विचारलं. सगळे घरी गेल्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

मग म्हणाल्या, “तीच सेटिंग आहे?”

“तीच,” तन्वीर म्हणाला. त्याची छाती नकळत पुढे आली. “पाचवा जिल्हा जोडला तरी तीच. कुणाची हिंमत नाही हात लावायची.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“तू येईपर्यंत माझ्या पाव हिश्श्यालाही कुणी हात लावला नव्हता. मग आता तूच ती मोड.”